टेलिपोर्टेशन माणसाला कधी शक्य होईल का? मुलीच्या चार्टसाठी विचारतोय, खरं काय ते सांगा

पिलबाग_चोपडा

नमस्कार मंडळी,

मी चोपडा तालुक्यातला केळीउत्पादक. बारावी सायन्सपर्यंत शिकलो, पुढे वडील आजारी पडले आणि शेतीत आलो. अणू, इलेक्ट्रॉन, फोटॉन हे शब्द ओळखीचे आहेत, पण त्यापुढचं कोणीतरी समजावून सांगावं लागतं. इथे फिजिक्सवाली बरीच मंडळी आहेत, म्हणून विचारतोय.

धाकटी मुलगी नववीत आहे. सोमवारी विज्ञान प्रदर्शन आहे आणि तिने विषय घेतलाय टेलिपोर्टेशन. म्हणजे इथला माणूस नाहीसा व्हायचा आणि तोच दुसरीकडे उभा राहायचा. चार दिवसांपासून मधल्या खोलीत चार्टपेपर अंथरलेला आहे. कागद गुंडाळू नये म्हणून माझ्या मायने चारही कोपऱ्यांवर डाळीचे डबे ठेवलेत. चार्टवर निळ्या स्केचपेनने दोन वाक्यं मोठ्या अक्षरात आहेत. एक, ‘२०१७ साली चीनने १४०० किलोमीटरवर टेलिपोर्टेशन करून दाखवले.’ आणि खाली, ‘येत्या २० वर्षांत माणूस प्रकाशापेक्षा जास्त वेगाने कुठेही पोहोचेल.’

दुसऱ्या वाक्यावर मी अडलो. प्रकाशापेक्षा वेगाने काही जात नाही, एवढं बारावीतलं आठवतं. कुठून घेतलंस, विचारलं तर म्हणाली व्हिडिओत होतं. मीही तो व्हिडिओ दोनदा पाहिला. खूप चमकदार आहे, पण त्या १४०० किलोमीटरवर नेमकं काय गेलं, ते शेवटपर्यंत सांगितलंच नाही.

तिने हा विषय का घेतला तेही सांगतो. मोठी मुलगी पुण्याला शिकते. मागच्या राखीला ती रात्रीच्या बसने निघाली, घाटात पुढे ट्रक उलटला आणि बस पाच तास जागेवर उभी. धाकटी पहाटेपासून ओट्यावर बसून होती. दुपारी बहीण आली तेव्हा ती म्हणाली, “पप्पा, दीदीने तिकडे पाऊल उचलावं आन् इकडे ओट्यावर ठेवावं, असं पाहिजे.” तेव्हापासून हे तिच्या डोक्यात आहे. म्हणून तिला ‘होत नाही, सोड’ असं म्हणायला माझी जीभ उचलत नाही. पण खोटं वाक्य चार्टवर ठेवून ती पन्नास जणांसमोर उभी राहिली, तर तेही मला चालणार नाही.

माझी स्वतःची एक शंका आहे. माणसाची सगळी माहिती काढून दुसरीकडे तसाच माणूस बनवायचा, असं व्हिडिओत होतं. आता नक्कल म्हणजे काय, हे केळीवाल्याला शिकवायला नको. मी मृगबागेत (जूनच्या लागवडीत) टिश्यूकल्चरची तीन हजार रोपं लावली. सगळी जी-नाईन जातीची, सगळी एका आईची. पान सारखं, उंची सारखी, घड टाकायची वेळही आठ-दहा दिवसांच्या फरकाने सारखी. पण हरण्या हा केळीवरचा रोग आला तेव्हा चौथ्या ओळीतलं सातवं झाड पिवळं पडलं आणि आठवं हिरवंगार राहिलं. सातवं मी खोदून जाळलं. आठव्याला त्याचं काही नाही. म्हणजे नक्कल कितीही हुबेहूब असली तरी प्रत्येक झाड आपापलं जगतं. मग माणसाचं तसं केलं तर दोन माणसं होतील ना? त्याला प्रवास कसा म्हणायचा?

हे जेवताना बोललो, तर माय भाकरी थापता थापता म्हणाली, “मंग जो उना, तो आपलाच शे का?” मग जो आला, तो आपलाच आहे का. पोरगी गप्प झाली. मीही गप्प.

तर कृपा करून सांगा. चीनने खरंच काय पाठवलं? माणसाचं कधी होईल का? आणि मायच्या प्रश्नाला विज्ञानाकडे काही उत्तर आहे का?

सातपुडा_वारा

भाऊ, मुलीला अजिबात अडवू नका. आमच्या पाड्यावर मी लहान असताना फोन करायचा तर शिरपूरला जावं लागायचं. आज माझी आजी सुरतेतल्या नातवाला फोनवर रोज बघते. तिला कोणी तीस वर्षांपूर्वी सांगितलं असतं तर तिने देवाची शपथ घ्यायला लावली असती. आज अशक्य म्हणतात ते उद्या होतंच. माझ्या मते ५० वर्षांत माणूस जाईल.

फिजिक्स_ताई_धुळे

पिलबाग भाऊ, तुमचा प्रश्न वाचून मुलांच्या वह्या बाजूला ठेवल्या. मी ज्युनिअर कॉलेजला भौतिकशास्त्र शिकवते, दर वर्षी दोन-तीन मुलं हेच विचारतात. जरा लांबलचक लिहिते, कारण हे घाईत सांगितलं की व्हिडिओसारखंच होतं.

मुलीचं पहिलं वाक्य खरं आहे. फक्त त्यात एक शब्द राहिलाय, ‘क्वांटम’, म्हणजे अणू-फोटॉनसारख्या अतिसूक्ष्म कणांच्या पातळीवरचं. त्या शब्दाने सगळा अर्थ बदलतो. चीनने ‘मिशियस’ नावाचा उपग्रह २०१६ च्या ऑगस्टमध्ये सोडला. तिबेटमधल्या न्गारी इथे, समुद्रसपाटीपासून ५००० मीटरहून उंच जागी, जमिनीवरचं केंद्र होतं. तिथून ५०० ते १४०० किलोमीटर दूर असलेल्या उपग्रहातल्या फोटॉनवर जमिनीवरच्या फोटॉनची ‘अवस्था’ उमटवली. फोटॉन म्हणजे प्रकाशाचा एक कण. ३२ दिवस प्रयोग चालला, लाखो फोटॉन वर सोडले आणि त्यातून यशस्वी नोंदले गेले ९११. वस्तू गेली नाही, धुळीचा कणही गेला नाही. गेली ती अवस्था.

अवस्था म्हणजे काय? फोटॉन कोणत्या दिशेने कंप पावतोय, आडवा, उभा की मधला कुठला तरी, ही त्याची अवस्था समजा. पोलराइज्ड गॉगल घालून मोबाइलच्या स्क्रीनकडे बघत मान वाकडी केली की स्क्रीन काळी होते, ती याच दिशेमुळे. मुलीला हे करून बघायला सांगा, तिला पटकन कळेल.

आता गंमत अशी की एका सुट्या फोटॉनची अनोळखी अवस्था मोजून पूर्ण कळत नाही. तुम्ही विचारलंत ‘आडवा का उभा?’ तर तो या दोनपैकी एक उत्तर देतो आणि मोजल्यामुळे स्वतः तसाच होऊन बसतो. आधी तिरपा होता का, किती होता, ते गेलं. आणि न मोजता त्याची हुबेहूब प्रत काढावी म्हटलं, तर तेही निसर्गाने बंद केलंय. १९८२ साली वूटर्स आणि झुरेक यांनी, आणि त्याच वर्षी वेगळेपणाने डीक्स यांनी हे गणिताने सिद्ध केलं की अनोळखी क्वांटम अवस्थेची प्रत काढणारं यंत्र बनूच शकत नाही. यंत्र अजून कोणाला जमलं नाही, एवढंच ते म्हणत नाहीत. ते बनणारच नाही, असं ते दाखवतात. भाऊ, तुमच्या शंकेचं मर्म इथे आहे. तुमच्या टिश्यूच्या रोपांत जनुकांची माहिती उतरते, आणि जनुकं म्हणजे वाचता येणारी अक्षरं, म्हणून तीन हजार रोपं होतात. क्वांटम अवस्था तशी वाचता येत नाही, म्हणून तिची दुसरी प्रतही होत नाही.

मग पाठवायची कशी? १९९३ साली बेनेट, ब्रासार, क्रेपो, जोझा, पेरेस आणि वूटर्स अशा सहा जणांनी एक युक्ती मांडली. आधी दोन फोटॉनांची एक गुंफलेली जोडी तयार करायची. इंग्रजीत याला एंटँगलमेंट म्हणतात, मी वर्गात ‘गुंफण’ म्हणते. या दोघांना स्वतःची अशी वेगळी अवस्था नसतेच, दोघांची मिळून एकच असते. त्यातला एक चोपड्याला ठेवा, दुसरा पुण्याला पाठवा. आता चोपड्याला तुमच्याकडे तिसरा, अनोळखी फोटॉन आहे. तो आणि जोडीतला चोपड्याचा फोटॉन, या दोघांना एकत्र मोजायचं. ‘तू कसा आहेस’ असं कुणा एकाला विचारायचं नाही. ‘तुमचं एकमेकांशी नातं काय’ एवढंच विचारायचं. या प्रश्नाची उत्तरं चारच असतात. त्यातलं जे येईल ते पुण्याला फोन करून कळवायचं. पुण्यातला माणूस त्या उत्तराप्रमाणे आपल्या फोटॉनला हात लावतो. काहीच न करणं, उलटवणं, फिरवणं, किंवा उलटवून फिरवणं, या चारपैकी एक. झालं. त्या अनोळखी फोटॉनची अवस्था पुण्यात, जशीच्या तशी. आणि चोपड्यातल्या मूळ फोटॉनची अवस्था मोजतानाच पुसली गेलेली.

१९९७ मध्ये ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकला झायलिंगर यांच्या गटाने हे टेबलावर करून दाखवलं. झायलिंगर यांना २०२२ चं नोबेल मिळालं, आस्पे आणि क्लाउझर यांच्यासोबत, आणि ते याच गुंफणीच्या कामासाठी. २००४ मध्ये फोटॉनच्या पुढे जाऊन कॅल्शियमच्या आणि बेरिलियमच्या एकेका आयनवर (विद्युतभार असलेल्या अणूवर) हे जमलं. २००९ मध्ये १ मीटर लांब ठेवलेल्या दोन यटर्बियम आयनांमध्ये जमलं. २०१२ मध्ये कॅनरी बेटांत ला पाल्मा ते टेनेरिफ, १४३ किलोमीटर, मोकळ्या हवेतून.

प्रकाशापेक्षा वेगाचं वाक्य मात्र आजच खोडायला सांगा. तो फोन मध्ये आहे ना, तो रेडिओने करा नाहीतर फायबरने, सेकंदाला ३ लाख किलोमीटरच्या पुढे जात नाही. फोन येईपर्यंत पुण्यातल्या माणसाच्या हातात नुसता गोंधळ असतो. त्याने अंदाजाने काही केलं तर चारात एकदा बरोबर येईल, आणि ते बरोबर आलं हेही त्याला कळणार नाही.

आता माणूस. सातपुडा भाऊंच्या आजींचं उदाहरण मला मनापासून आवडलं, पण फोनच्या बाबतीत अडचण तारा, टॉवर आणि पैशांची होती. इथे आकडाच वेगळा आहे. ७० किलोच्या माणसात सुमारे ७ च्या पुढे २७ शून्ये इतके अणू असतात. क्वांटम भानगड बाजूला ठेवा, प्रत्येक अणू कुठला, कुठे, कोणाला जोडलेला, एवढंच लिहायला अणूमागे १०० बिट धरा. हे १०० मी हिशेबापुरते धरलेत. सेकंदाला १ लाख कोटी बिट पाठवणारी लाइन घ्या. एक माणूस पाठवायला साधारण २२०० कोटी वर्षं लागतात. विश्वाचं वय आहे १३८० कोटी वर्षं. आणि हे पाठवणं झालं. मोजणं अजून राहिलंय, तेही रक्त वाहत असताना, ३७ अंश तापमानात, जिथे प्रत्येक पाण्याचा रेणू शेजाऱ्याला सतत धडकतोय. गुंफण अशा गर्दीत क्षणभरही तग धरत नाही. म्हणून तर प्रयोगातले आयन निर्वात पेटीत, लेसरने थंड करून, एकेकटे टांगून ठेवतात.

काही व्हिडिओंत माणसाला ऊर्जेत बदलून पाठवतात. ७० किलो वस्तुमानाची ऊर्जा केली तर हिरोशिमावर पडला तसे सुमारे १ लाख बॉम्ब होतात. तो मार्ग विसराच.

माझं मत विचाराल तर, माणसाचं टेलिपोर्टेशन भौतिकशास्त्राच्या कुठल्या एका नियमाने सरळ मनाई केलेलं नाही, पण ते होईल असं म्हणायला आज कुठलाही आधार नाही. २० वर्षांत नाही, ५० मध्येही नाही. मुलीने ‘माहीत नाही, आजच्या ज्ञानाप्रमाणे दिसत नाही’ असं लिहिलं तर ते शास्त्रज्ञाचं वाक्य होईल.

पिलबाग_चोपडा

ताई, तुमचे उपकार. पोरीला शेजारी बसवून वाचलं. गॉगल माझा होता, मान वाकडी करून स्क्रीन काळी झाल्यावर ती उठून नाचली. आता एक प्रश्न तिचा आहे, तिच्याच शब्दांत लिहितो: “मूळचा फोटॉन पुसला जातो, मग पुण्याचा तो नवीन की जुना?” मला वाटतं हा तिच्या आजीचाच प्रश्न आहे.

आणि एक माझा. माणूस जाणारच नसेल तर एवढा खटाटोप कशासाठी चाललाय?

लाइन_क्लिअर

राम राम. भुसावळहून लिहितो. रेल्वेत स्टेशनमास्तर म्हणून ३४ वर्षं काढली, त्यातली पहिली बरीच वर्षं एकेरी लाइनवरच्या लहान स्टेशनात. ताईंनी लिहिलेलं मी तीनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा माझ्या डोळ्यांसमोर माझं टोकनयंत्र आलं. पोरीला उपयोग होईल म्हणून सांगतो.

एकेरी लाइनवर दोन स्टेशनांच्या मध्ये एका वेळी एकच गाडी असली पाहिजे. दोन आल्या की समोरासमोर. त्यासाठी आमच्याकडे नीलचं बॉल टोकन यंत्र असायचं. दोन्ही स्टेशनांत एकेक लाल पेटी, पेटीत धातूचे गोळे, दोन्ही पेट्या तारेने जोडलेल्या. गोळा ड्रायव्हरच्या हातात असेल तरच गाडीने स्टेशन सोडायचं. मी घंटीचे ठोके द्यायचो, पुढचा मास्तर ठोके परत द्यायचा, फोनवर बोलणं व्हायचं. त्याने त्याच्याकडची मूठ फिरवून धरली तरच माझ्या पेटीतून गोळा सुटायचा. आणि एक गोळा बाहेर निघाला की दोन्ही पेट्या कुलूपबंद. माझ्याकडे वीस गोळे असोत, त्याच्याकडे वीस असोत, दुसरा निघणार नाही. गोळा वेताच्या कड्याच्या पिशवीत घालून मी फलाटावर उभा राहायचो आणि चालत्या इंजिनातून फायरमन हात घालून तो उचलायचा. कडं दंडावर बसायचं ते अजून आठवतं. पुढच्या स्टेशनात तो गोळा त्या पेटीत पडला की दोन्ही यंत्रं मोकळी.

आता पोरीचा प्रश्न, नवीन की जुना. आमचे गोळे दिसायला सगळे सारखे. त्या दोन स्टेशनांमधला कुठलाही गोळा दुसऱ्याच्या जागी चालायचा. कारण गोळ्यातल्या धातूला किंमत नव्हती. त्यात ‘ही लाइन आता माझी’ हा हक्क होता, आणि हक्क एका वेळी एकच. ताईंनी सांगितलेल्या फोटॉनचं मला तसंच वाटतं. फोटॉन ही वस्तू सगळीकडे सारखीच. त्याच्यावरची अवस्था एकच, ती इकडून सुटल्याशिवाय तिकडे बसत नाही. दोन प्रती होण्याची सोयच ठेवलेली नाही. म्हणून नवीन-जुना असं वेगळं काढायला काही उरत नसावं. चूक असेल तर ताई दुरुस्त करतील. फरकही मोठा आहे, तो लपवत नाही. आमचा गोळा रुळावरून प्रत्यक्ष जायचा, इथे तसं काही जात नाही.

आणि फोनचं. एका जूनमध्ये मृगाच्या आधीच्या वादळात तारेचे दोन खांब आडवे झाले. माझ्या फलाटावर केळीच्या वाघिणी जोडलेली गाडी उभी, दिल्लीकडचा माल. पुढची लाइन मोकळी होती, हे मला आतून माहीत होतं. पेटीत गोळे होते. पण पलीकडचा आवाज येत नव्हता, म्हणून एकही गोळा सुटत नव्हता. मी मूठ धरून उभा राहायचो, सुई हलायची नाही. वाघिणींतून केळीचा वास येत होता. शेवटी नियमाप्रमाणे इंजीन सोडवून, ते एकटं, आस्ते आस्ते पुढच्या स्टेशनला पाठवलं, संपर्क जुळवला, तेव्हा गाडी निघाली. रात्रीचे तीन तास गेले. ताईंनी ‘फोन येईपर्यंत हातात नुसता गोंधळ’ लिहिलंय, तिथे मला ती न हलणारी सुई दिसली. पोरीला सांगा, सगळं तयार असलं तरी पलीकडचा निरोप लागतोच, आणि निरोप त्याच्या वेगानेच येतो.

मुक्ताईचा_वारकरी

मी मुक्ताईनगरचा. आषाढीला आईसाहेबांच्या पालखीसोबत चालतो. हा धागा वाचताना मला एक सांगावंसं वाटलं. आमच्याकडे तापीकाठी मेहूणला वीज कडाडली आणि मुक्ताई गुप्त झाल्या, असं परंपरा सांगते. आता व्हॉट्सॲपवर असे निरोप फिरतात की हेच क्वांटम टेलिपोर्टेशन, आपल्याकडे सातशे वर्षांपूर्वी होतं. मला ते वाचून वाईट वाटतं. मी त्या जागी डोकं टेकतो ते कुठल्या उपग्रहाने पुरावा दिला म्हणून नाही. आणि त्या शास्त्रज्ञांनी ३२ दिवस जागून ९११ फोटॉन मोजले, त्यांची मेहनतही अशा निरोपाने झाकून टाकू नये. ताई म्हणतात तशी ही गोष्ट १९९३ ला सुचली. ज्यांना सुचली त्यांची नावं मुलीने चार्टवर लिहावीत, सहाच्या सहा. कोणी प्रदर्शनात तसं विचारलं तर हात जोडून सांगावं की श्रद्धेचं घर वेगळं आहे.

फिजिक्स_ताई_धुळे

लाइन क्लिअर काका, तुमचा गोळा मी उद्या वर्गात वापरणार, परवानगी गृहीत धरते. तुम्ही काही चुकला नाहीत. खरं तर तुम्ही ‘गोळे सगळे सारखे’ म्हणालात, ते फोटॉनच्या बाबतीत शंभर टक्के लागू आहे. चोपड्यातला इलेक्ट्रॉन आणि टोकियोतला इलेक्ट्रॉन यांत फरक काढणारी कुठलीही खूण निसर्गात नाही. अणूंना गाव नसतं. त्यामुळे एका कणापुरतं उत्तर सरळ आहे: अवस्था तीच, तर कण तोच म्हणायला हरकत नाही.

आजींच्या प्रश्नाचं मात्र एवढ्यावर भागत नाही, आणि मी भागलंय असं सांगणार नाही. माणूस म्हणजे त्याच्या सगळ्या अवस्थांची बेरीज, एवढंच का, हे भौतिकशास्त्र ठरवत नाही. एक मात्र भौतिकशास्त्र ठामपणे सांगतं. क्वांटम पद्धतीने पाठवलं तर इथला आणि तिथला अशी दोन माणसं एका वेळी असूच शकत नाहीत, प्रत काढण्याची बंदी आहे म्हणून. भाऊंच्या सातव्या-आठव्या झाडासारखा प्रसंग येत नाही. दुसरी पद्धत, म्हणजे शरीर नुसतं वाचून तसंच बांधायचं, तिच्यात मात्र तुमची शंका पूर्ण खरी आहे. ती नक्कल, तो प्रवास नाही. तिथे मूळचा माणूस इथेच उभा राहील आणि पुण्यातल्याला काटा टोचला तर याला कळणारही नाही.

खटाटोप कशासाठी, हा भाऊंचा प्रश्न राहिला. पहिलं कारण क्वांटम कॉम्प्युटर, म्हणजे अशा क्वांटम अवस्थांवर हिशेब करणारं यंत्र. त्याच्या आतली माहिती प्रत काढून हलवता येत नाही, बंदी आहे. मग एका यंत्रातून दुसऱ्यात न्यायची तर हा एक मोठा रस्ता. दुसरं, संदेश सुरक्षित ठेवणं. मध्ये कोणी ऐकलं तर गुंफण बिघडते आणि ते पकडता येतं. २०२४ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात प्रेम कुमार यांच्या गटाने ३० किलोमीटर फायबरमधून हे केलं, आणि त्याच फायबरमधून त्याच वेळी नेहमीचं इंटरनेट वाहत होतं. मला तो प्रयोग उपग्रहाइतकाच मोठा वाटतो, कारण त्यासाठी वेगळी तार घालायला नको. आपल्याकडेही इस्रोने मार्च २०२१ मध्ये अहमदाबादला ३०० मीटर मोकळ्या हवेतून फोटॉनवर आधारलेला सुरक्षित संवाद करून दाखवला. ते टेलिपोर्टेशन नव्हतं, पण रस्ता तोच. २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्राने नॅशनल क्वांटम मिशनला मंजुरी दिली, ६००३ कोटी रुपयांवर. तुमची मुलगी नववीत आहे. हे मिशन २०३०-३१ पर्यंत आहे, तोवर ती पदवीला असेल. या कामाला माणसं लागणार आहेत. तिला हे जरूर वाचून दाखवा.

सातपुडा_वारा

ताई, माझे ५० वर्षांचे शब्द मी मागे घेतो. २२०० कोटीचा हिशेब रात्री मोबाइलवर स्वतः करून पाहिला, बरोबर येतो.

पिलबाग_चोपडा

मंडळी, आत्ता रात्रीचे साडेदहा झालेत. पोरगी अजून जागी आहे.

जुना चार्ट तिने मागून पलटला आणि नवीन लिहिला. वर सहा नावं, १९९३. मग इन्सब्रुक, मग तिबेटचा डोंगर आणि वर उपग्रह, त्याच्या खाली ९११. तो आकडा तिने लाल केलाय. म्हणाली, लाखोंतून एवढेच लागले हे लोकांना कळलं पाहिजे. वेगाच्या वाक्याच्या जागी तिने ‘फोन लागतोच’ असं लिहिलं आणि शेजारी स्टेशनमास्तर काकांची लाल पेटी काढली. काका, पेटी कशी दिसते ते तिला माहीत नव्हतं, म्हणून तिने आमच्या गावातल्या पोस्टाच्या डब्यासारखी काढलीय, रागावू नका. चार्टच्या तळाला तिने आजीचं वाक्य जसंच्या तसं अहिराणीत घातलंय, पुढे प्रश्नचिन्ह. मी म्हटलं, परीक्षकांना कळेल का? ती म्हणाली, चोपड्याचेच आहेत, कळेल. मायला दाखवलं. तिने डबे उचलून बाजूला ठेवले, आपलं वाक्य बोट फिरवत वाचलं आणि डबे परत ठेवले. काही बोलली नाही, पण झोपायला गेली तेव्हा खुशीत होती.

ताई, एक शेवटचं तपासून द्या. तिने प्रयोग असा बसवलाय. दोन मैत्रिणी, एक दाराशी, एक खिडकीपाशी. खिडकीवालीच्या हातात बाण काढलेली पुठ्ठ्याची तबकडी. दाराशी असलेली चार रंगांच्या चिठ्ठ्यांतून न बघता एक उचलते आणि ओरडून रंग सांगते. लाल म्हणजे काही करू नको, पिवळा म्हणजे उलटव, हिरवा म्हणजे फिरव, निळा म्हणजे उलटवून फिरव. मग खिडकीतली तबकडी बरोबर दिशेला येते. चिठ्ठीच्या मागे तिने ‘बाण ईशान्येला’ असंही लिहिलंय, म्हणजे बघणाऱ्याला कळावं. हे बरोबर आहे का?

फिजिक्स_ताई_धुळे

बाकी सगळं बरोबर आहे, फार सुरेख बसवलंय. चिठ्ठीमागचं ‘बाण ईशान्येला’ मात्र खोडा. चिठ्ठीत फक्त काय करायचं ते असावं, बाणाबद्दल एक अक्षरही नको. ओरडून सांगितलेला रंग सगळ्या वर्गाने ऐकला तरी बाण कुठे होता ते कोणालाच कळत नाही, दाराशी उभ्या असलेल्या मुलीलासुद्धा नाही. हे तिने प्रदर्शनात स्वतःच्या तोंडाने सांगायला हवं. आणि चिठ्ठी उचलली की लगेच, रंग सांगण्याआधीच, दाराशी असलेल्या मुलीने आपल्याकडची बाणाची तबकडी न बघता फाडून टाकायची. ती तबकडी आत्ता तुमच्याकडे नाहीये, एक जास्तीची कापून ठेवा.